सातवा खण

नाना, घर पाडलं. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला पाहिजे आणि भाऊ सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मागच्या महिन्यात मशीन आलं आणि सकाळी सुरू झालेलं काम दुपारच्या भाकरीआधी उरकलं. मला बोलावलं नव्हतं, कळवलं होतं. कळवणं आणि बोलावणं यातला फरक मला या वयात कुणी शिकवायला नको. तरी मी सेनगावहून जीप धरून गेले आणि चिंचेखाली उभी राहिले. माळवदाचं छप्पर खाली आलं तेव्हा इतकी माती उडाली की बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या. दरवर्षी मृगाच्या आधी तुम्ही गाडीभर पांढरी माती आणून वर पसरायचात आणि आम्ही पोरं ती पायांनी दाबायचो. ती सगळी एकदम अंगणात आली. वहिनी रडली. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो भाऊवर नव्हता. कुणावर होता ते सांगायलाच आज बसले आहे.

तुम्ही घर खणांनी मोजायचात. आपल्याकडे सगळेच मोजायचे. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. कुणाचं घर तीन खणांचं, कुणाचं पाच, आपलं सात. मी तिसरीत असताना शाळेतला नवा शब्द घरी घेऊन आले आणि म्हणाले, "नाना, आपल्या घरात सात खोल्या हायेत." तुम्ही ओसरीवर दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "खोली भाड्याची असती, बाई. आपला असतो तो खण." त्या दिवसापासून घराच्या बाबतीत खोली हा शब्द मी तोंडातून काढला नाही. कापडाच्या दुकानात मिळतो तो चोळीचा खण वेगळा, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. चोळीचा खण ओटीत पडतो, घराचा खण पायाखाली असतो. लहान लेकरूसुद्धा त्यात गल्लत करत नाही.

त्या सात खणांत कोण कोण राहून गेलं ते मला पाठ आहे. तुमच्या आज्यानं तीन बांधले, वडिलांनी चार वाढवले. पहिल्यात ढाळज, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बसण्याची जागा. दुसऱ्यात ज्वारीची पोती. तिसरा चुलीचा, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी माय तिथेच भाकरी थापता थापता पडली ती पुन्हा उठली नाही. चौथ्यात देव, पाचव्या-सहाव्यात आमची अंथरुणं. आणि सातवा, अगदी टोकाचा, गोठ्याला लागून असलेला, तो आत्याचा. ती तुमची आत्या, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. पोरवयात विधवा होऊन ती परत आली होती. तो खण तिला कुणी दिला, केव्हा दिला, कुणालाच आठवत नव्हतं. ती आली, तिथे वाकळ टाकली आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत तिथेच राहिली. तुम्ही तिच्या मांडीवर वाढलात, हे तुम्हीच कौतुकानं सांगायचात. ती गेल्यावरही घरात "आत्याच्या खणातून टोपलं आण" असंच म्हणायचे. म्हणजे परत आलेल्या बाईला आपल्या घरात जागा होती, नाना. त्यासाठी कुणाला काही बोलावं लागलं नव्हतं.

माझ्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो, "घर किती खणांचं?" असा. नऊ, असं उत्तर आलं. तुम्ही घरी येऊन चार माणसांत ते तीनदा सांगितलंत, आणि मला त्या नऊ खणांत देऊन टाकलंत. मुलगा काय करतो, कसा आहे, त्याचं बाहेर काही आहे का, हे विचारायचं राहून गेलं. त्या नऊ खणांत मला पाठ टेकायला एक कोपरा मिळाला नाही, कारण तिथे आधीच दुसरी होती. ती फक्त आणायची बाकी होती. ती आणली तेव्हा मी पोरगीला कडेवर घेतलं आणि यष्टीत बसले. तुम्ही फाट्यावर उभे होता. कुणी निरोप दिला होता कोण जाणे. पिशवी माझ्या हातातून घेतलीत आणि पुढे चालू लागलात. घरात शिरल्यावर थेट शेवटच्या खणात गेलात, खांबावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हे तुझं. काहून रडून राहिलीस? आत्या राहिली न्हाई का इथं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः भिंत कोरून मला देवळी करून दिलीत, माझी पुस्तकं ठेवायला. पुढे मला अंगणवाडीचं काम लागलं. त्या देवळीत मी पोषण आहाराची पाकिटं ठेवायचे आणि पोरगी ती पळवायची. ती वर्षं बरी गेली. खोटं कशाला बोलू, माझ्या जन्मातली तीच बरी गेली.

वाटणीचा दिवस मला आजही समोर दिसतो. तुम्ही ओसरीवर बसला आहात, टोपी मांडीवर काढून ठेवलेली. एका अंगाला भाऊ, दुसऱ्या अंगाला पुण्याहून आलेला धाकटा, मध्ये गावातली दोन वडीलधारी माणसं. आम्ही बाया चुलीच्या खणात, दाराआड. तीन खण थोरल्याला, तीन धाकट्याला, असं ठरतं. पण घर सात खणांचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी एक म्हातारा विचारतो, "अन् पोरीचं काय, नाना?" तुम्ही खाकरता आणि म्हणता, "पोरीला एक खण." तो म्हणतो, "बराबर हाय." सगळे माना डोलावतात आणि आत चहाचं सांगतात. मी चुलीपुढे बसलेली, माझ्या हातात साखरेचा डबा, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. वहिनी म्हणाली, "काहून वो ताई?" मी म्हणाले, धूर गेला. तुमच्याइतका भला बाप पंचक्रोशीत नाही असं मला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सातवा खण शेणानं सारवला, दाराला गेरू लावला, गुणगुणत लावला.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला मी भाऊला ओवाळलं. त्यानं ताटात एक हिरवा खण ठेवला, लाल काठाचा, वर नारळ, आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाला, "घे बाई. नानानं वाटणीत सांगितलेला खण. माझ्याकडून आता काही राहिलं न्हाई." मी हसले. मला वाटलं थट्टा करतोय. त्याला तशी खोड होती. बाकी कुणी हसलं नाही तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. ती कातरून झाली तरी मान वर केली नाहीत. म्हणालात, "घे, बाई. भावाच्या हातचा हाय." मी घेतला. काय करणार होते? भरल्या घरात, भाऊबीजेच्या दिवशी, ओटीत पडलेला खण बाईनं परत करायचा नसतो. हे तुम्हाला माहीत होतं, भाऊला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

सोयाबीन घरात आलं तेव्हा वहिनीनं पोती सातव्या खणात लावायला घेतली. मी म्हणाले, "वहिनी, तो माझा खण हाय." ती खरोखरच गोंधळून गेली. "तुमचा खण तर दिला की भाऊबीजेला," ती म्हणाली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यात लबाडी नव्हती. मी ओसरीवर आले. तुम्ही तिथेच होता, आतलं सगळं ऐकू येण्याइतके जवळ. मी विचारलं, "नाना, तुमी कोणता खण म्हणला होता?" तुम्ही काठी घेऊन उठलात आणि म्हणालात, "बैलाला पाणी दावायचं राहिलं." मूग गिळून बसणाऱ्या माणसांबद्दल मी ऐकलं होतं; बैलाला पाणी पाजायला उठणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आठवडाभरात मी पोरगी घेऊन सेनगावला भाड्यानं राहायला गेले. जाताना तुम्ही म्हणालात, "येत जा. माहेर हाय तुझं." बोलाचीच कढी, नाना.

तुम्ही एकदा माझ्याकडे आला होता, आठवतं? मुगाचं गाठोडं घेऊन, उन्हाचे. दारातच टेकलात. माझ्या पोरगीनं तुम्हाला पाणी दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवलात, मग वर पत्र्याकडे पाहून म्हणालात, "ह्याला तर खणच न्हाई." आणि हसलात. स्वतःच्या विनोदावर हसलात! मी पाठ फिरवून चहा ठेवला. त्या एका शब्दावर मी घराबाहेर पडले होते आणि तुम्ही तोच शब्द खुशाल उच्चारत होता. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी आले, रडले, रीतीप्रमाणे सगळं केलं. गाव म्हणत होतं, लेकीवर फार जीव होता म्हाताऱ्याचा.

त्यानंतर इतकी वर्षं मी भाऊचं तोंड भाऊबीजेपुरतं पाहिलं. दर वर्षी ताटात एक खण, न चुकता. मी एकही शिवला नाही, अंगणवाडीतल्या मदतनीस बाईला देऊन टाकायचे, आणि ती बिचारी दर वर्षी म्हणायची, "तुमचा भाऊ लई चांगला हाय, मॅडम." मी माझी गोष्ट मनाशी घट्ट करून ठेवली होती. बापानं दिलं, भावानं खाल्लं. तुम्ही सातवा खण म्हणालात, भाऊनं शब्दाला शब्द लावून तो बुडवला, आणि तुम्ही म्हातारे, त्याच्या भाकरीवर जगणारे, बोलू शकला नाहीत. अशी ती गोष्ट होती. पोरगी मोठी होताना मी तिला तीच सांगितली. ती आता हिंगोलीला नर्स आहे. मामाच्या घरच्या लग्नालाही जात नाही. बोलावणं आलं की म्हणते, "त्यांना एक खण पाठवून दे आई, चोळीचा." तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे.

पोळ्याच्या आधी भाऊ माझ्याकडे आला. थकलाय तो आता, जिना चढून आला तो आधी पलंगावर टेकला. माळवद गळतंय, पोरांना स्लॅबचं बांधायचंय, पण कागदावर अजून तुमचंच नाव आहे आणि धाकट्याची सही झाली तरी बहिणीनं हक्क सोडल्याचीही लागते. त्यानं पिशवीतून कागद काढून पलंगावर ठेवला. मी म्हणाले, "सही करते. माझा खण दे आधी." त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बाई, ह्या वेळी चांगला पैठणी काठाचा घेऊन देतो." तेव्हा माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं. तू बापाचा शब्द खाल्लास, म्हणाले. चोळीचं फडकं देऊन बहिणीला घराबाहेर काढलंस. नानाच्या जिभेवरचा खण तू कापडाचा केलास. तो म्हणाला, "बास झालं, बाई. आता मी बी म्हातारा झालो. कुठवर वागवू?"

आणि त्यानं सांगितलं. वाटणीच्या दिवशी माणसं गेल्यावर तुम्ही त्याला गोठ्यात बोलावलंत. म्हणालात, "बाईला एक खण म्हणलो, तो चोळीचा. भाऊबीजेला दे. जागा दिली तर ती जन्मभर घरात बसंल, अन् उद्या तिच्या नवऱ्याकडचे हक्क सांगायला येतील." भाऊ म्हणाला होता, मग तसं तिला सांगा. तुम्ही म्हणालात, "माझ्या तोंडून नको. तू अंगावर घे." त्यानं घेतलं. "तुझ्या मनात नाना चांगला राहू दे म्हणून गप राहिलो," तो म्हणाला. मी विचारलं, "आन तुला काही वाटलं न्हाई?" तर म्हणाला, "वाटलं ना. पण बरं बी वाटलं. खण तर घरातच राहिला." इतकं खरं माझ्याशी आपल्या घरातलं कुणी कधी बोललं नव्हतं.

नाना, सापही मरावा आणि काठीही मोडू नये, हे तुमचं जन्माचं धोरण होतं. बाजारात, पंचायतीत, सोयरिकीत, सगळीकडे तुम्ही असंच बोललात, दोन्हीकडच्या माणसांना गोड लागेल असं, आणि लोक तुम्हाला शहाणा माणूस म्हणाले. पण साप मी होते का? तुम्हाला द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापली असती. आत्याचं नाव घेऊन खांबावर हात ठेवलात तो कशाला? देवळी कोरलीत ती कशाला? मला वाटतं त्या दिवशी तुम्हाला खरंच द्यायचं होतं आणि वाटणीच्या दिवशी खरंच द्यायचं नव्हतं, आणि दोन्ही दिवशी तुम्हाला चांगलंच म्हणवून घ्यायचं होतं. म्हणून असा शब्द शोधलात की दाराआड बसलेल्या लेकीला घर ऐकू यावं आणि समोर बसलेल्या लेकाला कापड. मला जागा मिळाली नाही याचं दुःख जुनं झालं होतं, त्याची सवय झाली होती. मी आनंदानं रडले होते त्याची आता लाज वाटते. साखरेचा डबा हातात धरून मी एका फडक्यासाठी रडले होते.

भाऊला मी म्हणाले, आता खण नको. नानाच्या शब्दावर मागत होते तोवर खण मागत होते. तो शब्दच नव्हता तर मागणंही संपलं. पण सही लागते म्हणजे हक्क आहे, हक्क नसता तर माझ्या दारात कागद कशाला आला असता? मला हिस्सा दे. माझ्या नावाचा, मोजून, लिहून. तो म्हणाला, "पोरं ऐकणार न्हाईत." मी म्हणाले, मग सहीवाचून पाडा, पाडता येतं, बांधता येत नाही. त्यांनी पाडलं. आता तिथे मोकळी जागा आहे आणि कुंपणाला साड्या बांधल्या आहेत, कुत्री येऊ नयेत म्हणून. नवं घर मला हवंय असं नाही. पोरगीनं हिंगोलीत घर घेतलंय, तिथे मला जागा आहे, आणि तिनं ती देताना एकच अर्थ असलेले शब्द वापरले. पण तुमच्या जागेवर माझं नाव लिहिलेलं मला पाहायचं आहे. तेवढा हट्ट मी सोडणार नाही.

ही चिठ्ठी पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही ती वाचून बैलाला पाणी दाखवायला उठला असता. म्हणून इथेच ठेवते. फक्त एक राहिलं. परवा पोरगीचा फोन आला होता. म्हणाली, "आजोबांनी दिलेलं मामानं खाल्लं, आई, आता एक इंचही सोडू नकोस." मला सांगायचं होतं की तुझ्या मामानं काही खाल्लं नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं आणि वर शिव्याही खाल्ल्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिला बाप असा नव्हताच, नाना. लहानपणचा एक भला पुरुष म्हणून ती आजवर तुमचंच नाव घेते. मामा वाईट आहे याची तिला सवय झालेली आहे. मी म्हणाले, "हो गं, न्हाई सोडत." तुम्ही भाऊच्या अंगावर टाकलेलं मी त्याच्या अंगावर तसंच राहू दिलं.